गोव्यातली गच्ची: कोबा, मेंब्रेन, कोटिंग की सरळ पत्रे?

गोव्यात गच्ची गळायला लागली की जो तो वेगळा सल्ला देतो, गवंडी म्हणतो कोबा घाला, हार्डवेअरवाला कोटिंगचा डबा पुढे करतो, आणि शेजारी म्हणतात कशाला डोकं पिकवताय, पत्रे मारा नि मोकळे व्हा. तिघांचंही थोडंथोडं बरोबर असतं. पण इथे वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, वाळपईकडे तर किनाऱ्यापेक्षा जास्तच, त्यामुळे पुण्यातल्या मामाच्या गच्चीवर दहा वर्षं टिकलं म्हणून इथे टिकेल असं धरून चालू नका.

माझ्या मते मटेरियल नंतर, आधी उतार. मीटरला एक सेंटीमीटर तरी हवा. मे महिन्यात पाइप लावून गच्ची भिजवा आणि दोन दिवसांनी पण जिथे पाणी साचलेलं असेल तिथे खडूने गोल करून ठेवा (जुलैत ही टेस्ट जमणार नाही, दोन दिवस पाऊस थांबतो कुठे). चार इंची पाइप धो धो पावसात साधारण 40 चौरस मीटरचं पाणी ओढतो, एवढ्या मोठ्या गच्चीला एकच पाइप असेल आणि त्याच्या जाळीवर आंब्याची पानं बसलेली असतील तर वर सोनं ओतलं तरी गळणार.

उतारच नसेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा बरा, कारण तोच उतार काढून देतो. वर चिना चिप्स (पांढऱ्या फुटक्या टाइलचे तुकडे) मारल्या की ऊनही कमी शोषतं आणि वर्षानुवर्षं चालतं, पाय ठेवा, खुर्ची ठेवा, एप्रिलमध्ये कोकमाची सोलं वाळत घाला, काही होत नाही. पण वजन भयंकर, चार इंच जाडीला चौरस मीटरमागे दोनशे किलोच्या आसपास जातं, म्हणून जुन्या स्लॅबवर इंजिनियरला दाखवल्याशिवाय घालू नका. दुसरं म्हणजे कोबा एकदा गळायला लागला की पाणी आत शिरतं एकीकडे आणि हॉलमध्ये टपकतं भलतीकडेच, शोधता शोधता जीव जातो, आणि ब्रेकरने फोडायला गेलात तर स्लॅबला धक्का बसतो तो वेगळाच.

मेंब्रेन म्हणजे डांबराचा रोल, गॅसच्या टॉर्चने चिकटवतात. वजन नगण्य, जुन्या गच्चीला हा चांगला पर्याय, पण सगळं कारागिरावर आहे. स्लॅब ओली असताना मारलं तर फुगे येतात, आणि आपल्याकडे लोक मेच्या शेवटी घाई करतात तेव्हा एखादा वळवाचा पाऊस झालेलाच असतो. दोन पट्ट्यांचा जोड निदान 10 सेमी एकमेकांवर चढलेला हवा, पॅरापेटवरही (गच्चीच्या कठड्याच्या भिंतीवर) मेंब्रेन वर वळवलेलं हवं. उघडं काळं मेंब्रेन उन्हात सुकून तडकतं म्हणून वर खडीचा थर असलेलं घ्या, नाहीतर वरून सिमेंटचा थर द्या. आणि त्यावर नंतर सोलरवाल्याने ड्रिल मारलं की संपलं.

कोटिंग सगळ्यात स्वस्त. पांढरं ॲक्रिलिक मारलं की खालची खोली उन्हाळ्यात खरंच थोडी थंड राहते, पण पाणी साचून राहतं तिथे ते मऊ पडून सुटतं, आणि काही वर्षांनी परत मारायला लागतं. पीयू (पॉलियुरेथेनचं कोटिंग) साचलेल्या पाण्याला जास्त टिकतं, महाग पडतं. भेगा आधी नीट भरल्याशिवाय दोन्ही फुकट!

आता पत्रे. पावसाला याच्याइतकं खात्रीचं काही नाही आणि मधल्या हवेमुळे स्लॅब तापत नाही. पण कळंगुट, कोलवा, काणकोणच्या किनाऱ्यावर खारा वारा आधी स्क्रू खातो मग पत्रा, त्यामुळे रबरी वॉशर आणि गंजलेले स्क्रू वेळेवर बदलायची तयारी ठेवा. आत सांगे-सत्तरीला हा त्रास बराच कमी. पंचायतीची परवानगी आधी घ्या, आणि माड जवळ असेल तर नारळ कुठे पडतात तेही बघा. मला पत्र्यांची एकच गोष्ट खटकते, खाली स्लॅबची सळी गंजून प्लास्टर सुटत असलं तरी वरून झाकलंय म्हणून कोणी बघत नाही. सळी दिसत असेल तर वरीलपैकी काहीच करू नका, आधी स्लॅबची दुरुस्ती.

देखभाल चारही प्रकारांना जवळपास सारखीच, मे मध्ये जाळ्या साफ, पॅरापेटचे कोपरे आणि टाकीच्या पायांभोवतीच्या भेगा बघायच्या, शेवाळ ब्रशने काढायचं, ॲसिड ओतायचं नाही. चवथीला (गणेश चतुर्थीला) पाहुणे यायच्या आधी परत एकदा जाळ्या.

कोबा, मेंब्रेन किंवा कोटिंग झाल्यावर पाइपाची तोंडं बंद करून गच्चीवर एकदोन इंच पाणी 48 तास उभं ठेवायला सांगा, कोटिंग असेल तर ते पूर्ण सुकल्यावर, आणि खालून छत कोरडं दिसलं की मगच शेवटचा हप्ता द्या. कॉन्ट्रॅक्टर नको म्हणाला तर हे कोटेशन देतानाच कळलेलं बरं, म्हणून आधीच लिहून घ्या.