मिग-२९ला दुसरी सीट : एका रेझिन सेटचा हिशेब

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईतल्यांना पुढे वाचायला नको. प्लास्टिकच्या मॉडेल विमानांची किट कापायची सवय असेल तर हा सेट घ्या. पहिल्यांदाच करवत हातात धरणार असाल तर घेऊ नका, दोनआसनी विमानाचं तयार किट शोधा.

१/७२ मापाच्या एकआसनी मिग-२९चं मिग-२९यूबी, म्हणजे प्रशिक्षणाचं दोनआसनी विमान, करायला लागणारे रेझिनचे भाग असा हा सेट. युरोपातला एक माणूस घरीच ओततो. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण खाली दोन-तीन कठोर गोष्टी आहेत आणि तो एकटा आहे. टपाल आणि कस्टम धरून सव्वातीन हजारांच्या आसपास पडला. एवढ्यात दुसरं अख्खं विमान येतं, हे घरी बोलू नये.

मिग-२९च का, असं पुण्यात तरी विचारू नका. १९८७ साली ही विमानं हवाई दलात आली ती लोहगावला, २८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. आता तिथे सुखोई-३० आहेत आणि त्यांत दोन सीट मुळातच असतात. पण आमच्या पिढीच्या माना वर झाल्या त्या मिगसाठी. आणि त्या एकआसनी विमानात एकटं बसण्याआधी वैमानिक यूबीत मास्तरांना मागे घेऊन बसतो. शेल्फवर लढाऊ विमानं सगळेच मांडतात, मास्तरांचं विमान कोणी करत नाही.

आता मोजमाप. नोकरी भोसरीत टूलरूममध्ये झाली, त्यामुळे पिशवी फोडली की आधी व्हर्निअर बाहेर येतो. एकआसनी विमानाची लांबी १७.३२ मीटर, यूबीची १७.४२. अख्खा माणूस, त्याची सीट, त्याचं पॅनेल आत घेऊनही विमान फक्त दहा सेंटिमीटर वाढलं, कारण जागा घेतली ती रडारची. आपल्या मापात हा फरक दीड मिलिमीटरही भरत नाही. या सेटचं नाक लावल्यावर विमान चार मिलिमीटरने वाढतं. खऱ्या विमानात ही चूक जवळजवळ वीतभर झाली असती. जास्तीचा माल सगळा पुढच्या शंकूत आहे. तो मागच्या तोंडाकडून घासू नका, व्यास बिघडेल आणि जोडावर पायरी येईल. टोकाकडून घ्या, पुन्हा निमुळता आकार द्या आणि नाकाच्या टोकावरची पिटॉटची, म्हणजे हवेचा वेग मोजणारी, नळी इंजेक्शनच्या सुईची करा. सेटमधली तशीही हात लावताच मोडते.

ओतकाम मात्र पहिल्या दर्जाचं आहे. बुडबुडे नाहीत, पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ, नखाला जेमतेम लागते. कापायची रेघ किटवर कोरलेल्या पत्र्यांच्या सांध्यांवरूनच (पॅनेल लाइन) नेली आहे, हे ज्याला सुचलं त्याने स्वतः विमानं कापली आहेत यात शंका नाही. रेघेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर ठेवून कापा आणि उरलेलं कानशीने आणा. माझ्या जोडाला डाव्या बाजूला थोडी पायरी राहिली, ती लांबी (पुट्टी) भरून आणि बोहरी आळीतल्या हजार नंबरच्या पॉलिश पेपरने निघाली. पेपर ओला करूनच घासा आणि मास्क लावा. रेझिनची धूळ छातीत जायची वस्तू नव्हे. प्लास्टिकचं सिमेंट रेझिनला धरत नाही, तिथे अरल्डाइट किंवा फेविक्विक. नाक भरीव असल्याने एक फायदा फुकटात मिळतो : विमान शेपटीवर बसत नाही, आत छर्रे भरायला लागत नाहीत.

कॅनॉपी हा या सेटचा खरा माल. दोन्ही सीटवर मिळून एकच लांब काच, मागच्या बिजागरीवर वर उघडणारी. व्हॅक्युमने ओढलेली असूनही ती पाण्यासारखी स्वच्छ आहे आणि तिची पाठीशी मिळणारी रेघ बरोबर उतरते. फोटोंशी ताडून पाहिलं, खोट सापडली नाही. सोबत दुसरी काच जादा दिली आहे, हा मोठेपणा. नवं ब्लेड घ्या, जोर न लावता एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा फिरवा. चिकटवायला साधा फेविकॉल, कारण फेविक्विकच्या वाफेने काच पांढरी पडते.

आणि एवढी सुंदर काच करणाऱ्या माणसाने पेरिस्कोप गाळला! मागे बसलेल्या प्रशिक्षकाला समोर दिसतं काय, तर पुढच्याच्या सीटची पाठ आणि हेल्मेट. मागची सीट फारशी उंच नाही. उतरताना धावपट्टी दिसावी म्हणून कॅनॉपीवर आरशाचा पेरिस्कोप दिलेला असतो. यूबी ओळखायची तीच खूण, विमान कशासाठी आहे तेही त्यातूनच कळतं. सेटमध्ये त्या जागी काचेवर नुसता एक चौकोन कोरलाय. मी पत्र्याच्या पट्टीचा केला. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान काम, पण त्याशिवाय विमान अपुरं वाटत होतं.

सूचनापत्रातली मोठी चूक शस्त्रांची. चित्रात पंखाखाली आर-२७ टांगली आहेत. रडारच नाही तर रडारवर चालणारं क्षेपणास्त्र डागणार कशाच्या जोरावर? आर-७३ किंवा आर-६० लावा, ती उष्णतेवर जातात. शस्त्रं टांगायचे मोकळे पायलॉनही शोभतात. विंडस्क्रीनपुढचा इन्फ्रारेडचा गोळा आणि डावीकडची ३० मिलिमीटरची तोफ मात्र यूबीतही राहते, उगाच बुजवू नका.

मूळ किट घेताना ९-१२ प्रकारचंच घ्या. ९-१३ची पाठ फुगीर असते आणि यूबीला ती चालत नाही. आपल्याकडे आलेली विमानंही ९-१२चीच निर्यात आवृत्ती. नौदलाच्या दोनआसनी मिग-२९केयूबीसाठीही हा सेट निरुपयोगी आहे. त्यात रडार असतं, आणि तिथलं एकआसनी विमानसुद्धा तीच लांब कॅनॉपी मिरवतं.

डेकल्स, म्हणजे विमानावर चिकटवायच्या खुणा, सगळी परदेशी हवाई दलांची आहेत. आपली केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं वेगळी मागवावी लागतात. सीटचे पट्टेही नाहीत, ते कागदाचे कापून रंगवा, आणि मास्तरांच्या सीटचे विसरू नका. पुढची आवृत्ती निघाली, नाक आखूड झालं आणि पेरिस्कोप आला, तर मी आणखी एक घेईन, याच किमतीला.