सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय: एकाच यूपीएसवर की वेगवेगळ्या मार्गांवर?

रॅक सर्व्हर मागवताना त्यात एकच पॉवर सप्लाय (मुख्य विजेचे सर्व्हरला लागणाऱ्या विजेत रूपांतर करणारा भाग) घ्यावा की दोन, हा प्रश्न बहुधा किमतीवरून सोडवला जातो. दुसऱ्या सर्व्हरवर काम आपोआप हलवण्याची व्यवस्था असेल, तर एकाच पॉवर सप्लायवर भागू शकते. मात्र संस्थेचा सगळा हिशेब एकाच यंत्रावर असेल, तर दोन घ्यावेत. त्यांतला एक बिघडला तरी सर्व्हर चालू ठेवून तो ओढून काढता येतो आणि नवा बसवता येतो.

अर्थात दोन खाचा भरल्या म्हणजे सुरक्षितता आली, असे नाही. सर्व्हर जास्तीत जास्त ७०० वॅट घेत असेल, तर ८०० वॅटचे दोन सप्लाय एकमेकांना पर्याय ठरतात. पुढे त्यात जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) कार्ड घालून गरज १००० वॅटवर गेली, की तेच दोन सप्लाय मिळून भार वाहू लागतात आणि एक गेल्यास सर्व्हरला वेग घटवावा लागतो किंवा तो बंद पडतो.

दोघांनी भार वाटून घ्यावा की एकाने राखीव राहावे, हा त्या मानाने गौण मुद्दा आहे. ‘८० प्लस’ या कार्यक्षमता-मानांकनात टायटेनियम दर्जाच्या सप्लायची किमान कार्यक्षमता १० टक्के भारावर ९० आणि २० टक्के भारावर ९४ टक्के असावी लागते. त्यामुळे ८०० वॅटच्या दोन सप्लायचा सर्व्हर १६० वॅटवर रेंगाळत असताना सगळा भार एकावर टाकल्यास सात-आठ वॅट, म्हणजे वर्षाला साधारण ६५ युनिटे वाचतात. एका सर्व्हरसाठी मी या पर्यायाच्या वाटेला जाणार नाही. रॅक भरलेला असेल, तर गणित वेगळे.

खरा निर्णय केबल कुठे जोडायची, याचा आहे. दोन्ही केबल एकाच यूपीएसमध्ये गेल्या, तर पॉवर सप्लायच्या बिघाडापासून संरक्षण मिळते. यूपीएसच्या बिघाडापासून नाही. दोन यूपीएस आणि दोन स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारे स्विच) ही व्यवस्था सर्वांत भक्कम, पण तिथेही प्रत्येक मार्गावरचा भार त्याच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आत हवा. १६ अँपिअरच्या दोन एमसीबींवर प्रत्येकी १० अँपिअर भार असेल, तर एक मार्ग गेल्यावर दुसऱ्यावर २० अँपिअर येतात आणि काही वेळाने तोही ट्रिप होऊ शकतो.

दुसऱ्या यूपीएसची ऐपत नसेल, तर एक केबल यूपीएसला आणि दुसरी सर्ज (व्होल्टेजची अचानक उसळी) संरक्षण लावून थेट मुख्य विजेला जोडणे, हे दोन्ही केबल एकाच यूपीएसला जोडण्यापेक्षा मला अधिक पटते. यूपीएस बंद पडला तरी वीज असेपर्यंत सर्व्हर चालतो. फक्त अशा जोडणीत यूपीएसच्या पडद्यावर एरवी निम्माच भार दिसतो, आणि वीज गेली की सगळा त्याच्यावर येतो. त्यामुळे बॅटरी किती वेळ टिकेल, याचा हिशेब पूर्ण भार धरूनच करावा.