इलस्ट्रेटरमध्ये लेगसी टेक्स्ट शोधायची सोय: भारी आहे, पण डोळे झाकून अपडेट मारू नका

जुन्या सीड्यांमधल्या एआय फायली आत्ताच्या इलस्ट्रेटरमध्ये (अडोबीचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायचं काम ज्यांच्या गळ्यात पडतं त्यांच्यासाठी लिहितोय. २००३ ला इलस्ट्रेटर सीएस आलं तेव्हा टेक्स्ट इंजिनच (मजकूर मांडणारा आतला भाग) बदललं, त्यामुळे व्हर्जन १० किंवा त्याआधीच्या फाइलमधला मजकूर लेगसी टेक्स्ट म्हणून येतो. दिसतो, हलवता येतो, प्रिंटही निघते, फक्त एडिट होत नाही. सिलेक्ट केल्यावर चौकटीवर फुली दिसली की समजायचं.

फाइल उघडताना अपडेट करू का असा डायलॉग येतो, पण नेमका कुठला मजकूर जुना ते काही तो सांगत नाही. एक-दोन फायली असतील तर ठीक, पण लग्नपत्रिका, लेबलं, लेटरहेडचा ढीग असेल तर फुल्या शोधत कोण बसणार?

इथे स्क्रिप्टिंग, म्हणजे इलस्ट्रेटरला छोट्या प्रोग्रॅममधून काम सांगणं, खरंच कामाला येतं. डॉक्युमेंटमध्ये लेगसी टेक्स्ट आयटम्सची वेगळी यादीच मिळते, आणि प्रत्येकाचं रूपांतर झालंय की नाही तेही कळतं. अलर्ट बंद करा, उघडायच्या ऑप्शनमधलं अपडेट लेगसी टेक्स्ट फॉल्सच राहू द्या (डीफॉल्ट तसंच असतं), आणि पूर्ण फोल्डर एका लूपमधून काढा, कुठल्या फाइलमध्ये किती जुने ऑब्जेक्ट आहेत त्याची यादी हातात. फक्त टेक्स्ट फ्रेम्स (नेहमीच्या मजकुराच्या चौकटी) मोजू नका, त्यात लेगसी टेक्स्ट धरत नाहीत, आणि शून्य आलं की आपल्याला वाटतं मजकूर आउटलाइन केलेला, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केलेला दिसतोय. सी प्लस प्लसमध्ये प्लगइन लिहिणाऱ्यांना ऑब्जेक्टचा टाइपच लेगसी टेक्स्ट आर्ट असा वेगळा मिळतो, पण नुसत्या यादीसाठी एवढा खटाटोप मला तरी उगाच वाटतो, जेएसएक्समध्ये (अडोबीची जावास्क्रिप्ट स्क्रिप्ट फाइल) भागतं.

सापडलं की लगेच स्क्रिप्टमधूनच कन्व्हर्ट टू नेटिव्ह मारायचा, म्हणजे सगळं नव्या मजकुरात बदलून टाकायचा मोह होतो, तिथे जरा दमानं. लीडिंग, ट्रॅकिंग, कर्निंग (ओळींमधलं आणि अक्षरांमधलं अंतर) थोडं बदलू शकतं, मग ओळ नको तिथे तुटते आणि कार्यालयाच्या पत्त्याची शेवटची ओळ चौकटीबाहेर जाऊन कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह राहतं. म्हणून महत्त्वाच्या फाइलला टाइप टूलने मजकुरावर क्लिक करून कॉपी टेक्स्ट ऑब्जेक्ट घ्या, जुना मजकूर खाली फिकट आणि लॉक होऊन राहतो, त्यावर नवा जुळवता येतो. काम झालं की टाइप मेनूतल्या लेगसी टेक्स्टमधून कॉप्या डिलीट.

आणि मराठीवाल्यांनो, यात युनिकोड वगैरे काही होत नाही हां! जुन्या आस्की फॉन्टमध्ये (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले) टाइप केलेलं अपडेटनंतरही तसंच, फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसणार. त्याला कन्व्हर्टर वेगळा लागतो, आणि युनिकोड मजकूर पेस्ट केल्यावर जोडाक्षरं तुटली तर प्रेफरन्सेसच्या टाइपमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करून पॅराग्राफचा कंपोझर (ओळी आणि अक्षरं जुळवणारी सेटिंग) साउथ एशियन करून बघा.