जुन्या शेव्हीत कुठला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकायचा: ७००आर४, ४एल८०ई, की आहे तोच बरा?

माझा मामेभाऊ ह्यूस्टनला असतो, त्याने १९७८ची शेव्हरोले सी१० पिकअप घेतलीये आणि दर रविवारी सकाळी इकडे आमचा चहा होतोय न होतोय तोच त्याचा फोन, दादा गिअरबॉक्स कुठला टाकू. मला विचारतो कारण मकरपुरा जीआयडीसीत माझं प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) बॅलन्सिंगचं काम आहे. आता बडोद्यात जुन्या पिकअप येतात त्या बहुतेक मॅन्युअल, पण रेशोचं गणित आणि शाफ्टची लांबी इथे काय नि टेक्सासला काय, सारखीच. कोणी अशी गाडी घेऊन अडकला असेल तर मामेभावाला सांगितलं तेच इथे लिहितो.

त्याच्या गाडीत टीएच३५० हा ऑटोमॅटिक आहे, तीन गिअर, पहिल्याचा रेशो (इंजिनच्या किती फेऱ्यांना शाफ्टचा एक फेरा) २.५२ आणि टॉप सरळ १. साधा, छोटा, दणकट डबा. तक्रार एकच, हायवेला इंजिन ओरडतं. ७००आर४ (१९८२पासून आला) त्यात पहिला ३.०६ आणि चौथा ०.७०, म्हणजे सुटताना जोर आणि पळताना आराम दोन्ही. ऐकायला मस्त वाटतं. पण मागचं डिफरन्शियल (शाफ्टचा जोर मागच्या चाकांना वाटणारे गिअर) किती रेशोचं आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती, हे न बघता डबा घेऊ नका, सगळा खेळ तिथे आहे.

२८ इंची टायर धरा आणि स्पीड ७० मैल, म्हणजे आपले ११३ किमी. मागे ३.७३ असेल तर टीएच३५०वर इंजिन साधारण ३१०० आरपीएमला फिरतं आणि ७००आर४च्या चौथ्यात २२००च्या आसपास, हा फरक कानाला पण कळतो आणि पेट्रोलला पण. मागे ३.०८ असेल तर ३५०वरच २६००ला आहे की, चौथा टाकला तर १८००वर येणार आणि जरा चढ आला, मागे सामान असलं की गाडी मान टाकणार आणि खाली-वर गिअर पाडत बसणार. पहिल्या गिअरला मात्र ३.०८ सोबत ७००आर४ तेवढाच जोर देतो जेवढा ३.७३ सोबत ३५० देतो, दोन्हीकडे गुणाकार ९.४ येतो, करून बघा. म्हणजे नुसता सुटायला जोर हवा असेल तर ३.०८वाल्यालाही फायदा आहेच, पण मग चौथ्याचे पैसे फुकट.

बसवायला ७००आर४ सोपा. आउटपुटला दोघांनाही २७ स्प्लाइन (दांड्यावरचे उभे दाते), म्हणून योक (शाफ्टचं त्यावर बसणारं टोक) तोच चालतो. ३५०ची शेपटी (डब्याचा मागचा निमुळता भाग) ६ इंची असेल तर शाफ्ट ३ इंच कापावा लागतो, ९ इंची असेल तर लांबी जवळपास जुळते, म्हणून कापायच्या आधी टेप लावा (आमच्याकडे लोक आधी कापून आणतात आणि मग विचारतात). क्रॉसमेंबर (डबा ज्यावर टेकतो ती चासीची आडवी पट्टी) दोनेक इंच मागे घ्यावा लागतो.

आणि टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल! ३५०ची केबल फक्त किकडाउनची (पेडल पूर्ण दाबलं की खालचा गिअर पाडायची), प्रेशर तिथे इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतं. ७००आर४मध्ये आतल्या तेलाचं प्रेशरच ह्या केबलवर ठरतं, कार्ब्युरेटरला नीट कोनात बसली नाही तर प्रेशर कमी पडतं, क्लच घसरतात आणि नवा बिल्ड केलेला डबा थोड्याच दिवसांत जळतो, नि लोक शिव्या डब्याला देतात. लॉकअपची (इंजिन आणि डबा घसरण न होता थेट जोडणाऱ्या क्लचची) वायर पण जोडायलाच हवी, नाहीतर चौथ्यात तेल तापतं. जुना घेत असाल तर १९८७ किंवा नंतरचा घ्या, सुरुवातीच्यांत इनपुट शाफ्टच बारीक होता.

४एल८०ई (१९९१) ही वेगळीच जात, टीएच४०० ह्या जुन्या दणकट तीन गिअरवाल्याचा मोठा भाऊ म्हणा, २.४८पासून ०.७५पर्यंत. जड ट्रेलर ओढायचा तर हाच. पण वजनदार, लांब, योक ३२ स्प्लाइनचा म्हणजे नवा, शाफ्ट परत कापा, वर कंट्रोलर आणि थ्रॉटल सेन्सर लागतोच कारण तो वायरिंगशिवाय हलत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत एवढं सगळं फक्त बाजारहाट करायला? मी तर नाही करणार.

मामेभावाला म्हटलं, एक मागचं चाक जॅकवर घे, दुसरं जमिनीवर ठेव, न्यूट्रलमध्ये वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्टचे फेरे मोज, तोच तुझा रेशो. खडूने खूण कर. अर्ध्या तासाने फोन आला, दादा तीन आणि थोडंसं. म्हटलं थोडंसं म्हणजे पाऊण का, तर म्हणे छे, जेमतेम सरकला.

म्हणजे ३.०८. डबा राहू दे म्हटलं, पुढच्या रविवारी डिफरन्शियलवर बोलू.