टपावरचा तंबू, चौघांचं कुटुंब आणि डोंगरातले रस्ते

गाडीच्या टपावर बसवायचा, घडी घालता येणारा कापडी तंबू आम्ही वसंताच्या सुरुवातीला घेतला आणि थंडी पडेपर्यंत डोंगरात भरपूर वापरला. आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांचा थोरला आणि सात वर्षांची धाकटी. तंबू ठेवणार आहोत, विकणार नाही, हे आधीच सांगून टाकते. मात्र तो घ्यावा की नाही हे तुम्ही प्रवास कसा आखता यावर ठरतं, आणि विकणारा ते सांगत नाही. हा तंबू टपावर चढला की 'काय काय बघायचं' ही यादी मागे पडते. रात्री कुठे, किती उंचीवर आणि कसल्या जमिनीवर झोपायचं, इथून आखणी सुरू करावी लागते.

पैसे मोजण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात चालत्या गाडीच्या टपावर किती भार चालेल तो आकडा असतो. बऱ्याच गाड्यांत तो ५० ते १०० किलोंच्या दरम्यान. आमचा तंबू गादी आणि शिडी धरून साठीच्या पुढे जातो, तंबू ज्यांवर बसतो त्या टपावरच्या आडव्या दांड्यांचं वजन वेगळं. मग आत चार माणसं झोपल्यावर टप खाली येणार नाही का, असं सगळेच विचारतात. येत नाही, कारण उभ्या गाडीवर वळणांचे, ब्रेकचे आणि खड्ड्यांचे हिसके नसतात. उभ्या गाडीचा टप चालत्या गाडीच्या मानाने कितीतरी जास्त वजन पेलतो. तरी टपाची, दांड्यांची आणि दांड्या धरणाऱ्या क्लॅम्पची अशा तीन मर्यादा असतात. त्यातली सर्वांत लहान ती आपली. आणि टपाचा हिशेब जमला म्हणजे सुटलो असंही नाही. चार माणसं, पाणी, डिझेल, भांडीकुंडी मिळून गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा आम्ही समजत होतो त्यापेक्षा बरीच लवकर गाठली जाते. पाण्याचा २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो, आणि तो कुणी मोजतच नाही.

वळणांवर फरक जाणवतो. गाडी आधीपेक्षा जास्त झुकते आणि उशिरा सरळ होते. सगळं जड सामान सीटच्या मागे, अगदी तळाला ठेवायला लागल्यापासून ते बरंच आटोक्यात आलं.

जाहिरातीत तंबू दोन मिनिटांत उघडतो. तंबू उघडतोही, पण झोपायला तयार व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यातला निम्मा वेळ गाडी समपातळीत आणण्यात जातो. जमिनीवरच्या तंबूसाठी दोन मीटर सपाट जागा पुरते; इथे चारही चाकांखाली पातळी हवी. मोबाइलमधलं पातळी दाखवणारं ॲप तंबूच्या तळफळीवर ठेवते आणि नवरा गाडी इंचाइंचाने पुढेमागे घेतो. दोन अंशांचा उतार चालतो, डोकं चढाच्या बाजूला केलं की झालं. आडवा उतार मात्र चालत नाही: चार अंशांचा असला तरी मध्यरात्रीपर्यंत चौघंही एका भिंतीला जाऊन चिकटतात. चाकाखाली घालायच्या प्लास्टिकच्या दोन पायऱ्या-पायऱ्यांच्या पाचरी घेतल्या, आणि सगळ्या सामानात सर्वांत कामाची वस्तू कोणती असं विचारलंत तर मी त्यांचंच नाव घेईन. पातळी लागली की हँडब्रेक, गिअर, आणि उताराकडच्या चाकांना दगड.

यामुळे दिवसाचं घड्याळच बदललं. चार वाजता चाकं थांबली पाहिजेत, मग पुढचं गाव कितीही जवळ असो. फोन सूर्यास्त सव्वासातचा दाखवतो खरा, पण तो मोकळ्या क्षितिजाचा. दरीत पश्चिमेची डोंगरधार आडवी आली की साडेपाचलाच ऊन गायब होतं आणि पुढच्या अर्ध्या तासात हात गारठायला लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सकाळचं ऊन. पहिलं ऊन कुठे पडणार हे आम्ही आदल्या संध्याकाळी होकायंत्र आणि समोरची धार बघून ठरवतो. सातला ऊन लागलेला तंबू नऊपर्यंत वाळतो; दहापर्यंत सावलीत राहिलेला ओलाच मिटवावा लागतो. ओला मिटवलेला तंबू त्याच संध्याकाळी उघडून वाळवला तर ठीक, नाहीतर दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते काही केल्या जात नाहीत.

ओल बाहेरच्या पावसापेक्षा आतूनच जास्त येते. चार माणसांचा श्वास रात्रभर थंड कापडावर जमतो. खिडक्या घट्ट लावून झोपायचा मोह होतो, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या की फरक लगेच दिसतो. गादीखालचं पाणी हा वेगळाच त्रास: अंगाची ऊब आणि खालची गार फळी यांच्यामध्ये गादीचा तळ चिंब होतो. गादीखाली घालायची जाळीदार चटई वेगळी विकत घ्यावी लागली. ती तंबूसोबतच द्यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. थंडीही खालूनच येते, कारण फळीखाली मोकळी हवा वाहत असते. सोबत आलेली सहा सेंटीमीटरची फोमची गादी उन्हाळ्यात पुरली. शरदात त्यावर बंद पेशींच्या, म्हणजे ओल न शोषणाऱ्या फोमचा एक थर घातल्यावरच झोप लागली.

झोपायच्या पिशव्यांवर मोठ्या अक्षरात छापलेल्या तापमानावर जाऊ नका. लेबलावर आरामाचं (झोप नीट लागेल ते) आणि मर्यादेचं (जेमतेम निभेल ते) असे दोन आकडे असतात आणि वेष्टनावर बहुधा दुसरा मिरवतो. मुलांसाठी पहिलाच धरा. हिशेब सोपा आहे: दर १००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. पायथ्याशी रात्री १४ अंश असतील तर २००० मीटर वर एक-दीड अंश धरून चाला. निरभ्र रात्री गार हवा उतारावरून वाहत येऊन दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे नदीकाठचं हिरवं, सपाट, फोटोत छान दिसणारं मैदान त्याच्या शंभर मीटर वरच्या टप्प्यापेक्षा जास्त गार असतं. शिवाय वरच्या पावसाने रात्री पाणी वाढलं तर पहिला फटका त्याच मैदानाला. आम्ही आता काठ सोडून वरचा टप्पाच शोधतो.

आत गरम करायला म्हणून कोणताही बर्नर पेटवायचा नाही, पाच मिनिटंही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि कापडी तंबूत तो साचायला वेळ लागत नाही.

मुलांविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण 'कौटुंबिक' असा शिक्का मारून हे तंबू विकले जातात. चौघांचा म्हणतात त्याची गादी १९० सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे माणशी ४७. एका माणसाची साधी मॅटसुद्धा ५० सेंटीमीटरची असते. मुलं मध्ये, आम्ही कडेला, एक डोकं इकडे तर एक तिकडे, असं करून भागतं. शिडी ही खरी अडचण. दुमजली पलंगावर सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नये असं सांगतात. इथेही मी तोच नियम लावेन. धाकटी दिवसा माकडासारखी चढते, पण रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत, दवाने ओल्या झालेल्या पायऱ्यांवरून तिला खाली उतरवणं आणि परत वर चढवणं हे दोन माणसांचं काम आहे. पायऱ्यांवर खरखरीत पट्टी चिकटवली, शिडीच्या पायाशी एक मंद दिवा रात्रभर ठेवला, आणि चपलांची पिशवी दाराशी आतल्या बाजूने टांगली. तान्ही किंवा चालायला लागलेली मुलं असतील तर मी हा तंबू घेऊच नका म्हणेन.

आता उंची. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर जास्तीचा ठेवावा, हा गिर्यारोहकांचा नियम गाडीने जाणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे. उलट जास्तच, कारण गाडी एका दुपारीत २००० मीटर चढवते आणि शरीराला पत्ताही नसतो. म्हणून वहीत आम्ही रोजचे दोन आकडे लिहितो, दिवसभरातली सर्वांत जास्त उंची आणि झोपायची उंची. पहिला कितीही चालेल. ३९०० मीटरची खिंड दुपारी ओलांडून पलीकडे २९०० ला उतरलो तर तो चांगला दिवस. खिंडीच्या अलीकडे ३६०० वर अंधार पडला तर आखणी फसली. नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा बघून मुक्कामाचे ठिपके आधी टाकते, मग ते रस्त्याने जोडते. ओपनस्ट्रीटमॅपचे (सगळ्यांना खुले असलेले) नकाशे फोनवर उतरवून घेतले की रेंज नसतानाही हे करता येतं.

इथे तंबूची सर्वांत मोठी उणीव समोर येते: तो मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. उंचावरच्या विरळ हवेच्या त्रासाने रात्री कुणाचं डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर उपाय एकच, खाली उतरायचं. जमिनीवरचा तंबू तसाच टाकून निघता येतं. इथे आधी चौघांना खाली काढा, गादीसकट घडी घाला, पट्टे आवळा. मुलांमध्ये हा त्रास ओळखायलाही अवघड, कारण लहान मूल 'डोकं दुखतंय' म्हणेलच असं नाही. ते किरकिर करतं आणि जेवत नाही. म्हणून उंचावर गेलं की घरात एक नियम आहे: मुलांनी नीट खाल्लं, की मगच तंबू उघडायचा. एका संध्याकाळी ३२०० मीटरवर धाकटीने दोन घासांनंतर ताट सरकवलं आणि एरवी जिची टकळी थांबत नाही ती मांडीवर येऊन गप्प बसली. तंबू मिटलेलाच होता. आम्ही तसेच ६०० मीटर खाली आलो, आणि सकाळी तिने स्वतःहून खायला मागितलं. अर्थात त्रास पोहोचल्यावर काही तासांनी, पुष्कळदा रात्रीच सुरू होतो, त्यामुळे खाल्लं म्हणजे निर्धास्त झालो असं नाही. गाडीचं तोंड बाहेर पडायच्या दिशेला, किल्ली ठरलेल्या खिशात, आणि अंधारात तंबू मिटायचा सराव घराशी आधीच केलेला. आम्हाला आता त्याला आठ मिनिटं लागतात.

वाऱ्यात आवाज फार होतो. बाहेरचा ताडपत्रीचा पडदा रात्रभर फडफडतो आणि ज्यांची झोप सावध आहे त्यांचं कठीण आहे. डोंगरात निरभ्र दिवशी वारा दुपारी दरीतून वर वाहतो आणि सूर्य मावळल्यावर उलटा, वरून खाली. त्यामुळे गाडी लावताना जाणवणाऱ्या वाऱ्यावर जाऊ नका. तंबूची बंद, बिजागरीची बाजू दरीच्या वरच्या दिशेला ठेवा.

गाडी चालवण्याबद्दल फार लिहीत नाही. डांबरी घाटात ताशी ३० आणि कच्च्या रस्त्यावर १५-२० ची सरासरी धरा, त्यातच मुलांचे थांबे. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. बर्फ वितळून येणाऱ्या ओढ्यांना सकाळी पाणी कमी असतं आणि दुपारनंतर वाढतं, म्हणून ओढा पार करायचा असेल तर मुक्काम अलीकडे ठेवून सकाळी लवकर निघायचं. टायरमधला दाब सकाळी, गार टायरवर मोजा. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने मापक आकडा वाढलेला दाखवतो.

चूल तर गाडीच्या मागच्या दारापाशीच. ३००० मीटरवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं, त्यामुळे प्रेशर कुकर नसेल तर शिजायला अंत नाही. गॅसचे छोटे डबे घेताना मिश्रण बघा: नुसत्या ब्युटेनचा डबा शून्याच्या आसपास मान टाकतो, प्रोपेन मिसळलेला चालतो.

टिकाऊपणाचं म्हणाल तर कापड उत्तम, शिवण कुठे उसवलेली नाही. पॉलिकॉटन (सूत आणि पॉलिएस्टरचं मिश्र कापड) भिजलं की धागे फुगून आणखी घट्ट बसतं, हे पहिल्या मोठ्या पावसानंतर जाणवलं. वरच्या आच्छादनाची झिप मात्र अगदीच सुमार. धुळीने अडकते आणि गारठलेल्या बोटांनी ओढली की दात सोडते. शिडीची सरकणारी कुलपंही धुळीने रुसतात, त्यांना ब्रशने साफ करून सिलिकॉनचा फवारा मारावा लागतो, तेल लावायचं नाही, त्यावर आणखी धूळ बसते. कच्च्या रस्त्यावरच्या बारीक लाटांसारख्या उंचवट्यांनी क्लॅम्पचे नट ढिले होतात. बसवल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरांनी आणि पुढे रोज सकाळी आम्ही पाना लावून बघतो. थोरल्याने ते काम स्वतःकडे घेतलं आहे आणि प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारून ठेवली आहे, रेघ सरकली की लांबूनच कळतं.

एकाच जागी चार दिवस तळ ठोकून रोज गाडीने भटकणारे असाल तर जमिनीवरचाच तंबू घ्या. रोज सकाळी हा मिटायचा कंटाळा येईल. रोज पुढे सरकणारे असाल आणि ओली, खडकाळ, काट्याकुट्यांची जमीन पाचवीला पुजलेली असेल तर हा सोयीचा आहे. आमच्याकडे पुढच्या हंगामात थोरला खाली, एकट्याच्या छोट्या तंबूत झोपणार आहे. त्याचे पाय आताच कापडाला टेकतात, आणि ४७ सेंटीमीटर त्याला कशी पुरणार?