जुनी ईको घेताय? एनओसीवरचा चेसी नंबर आधी वाचा

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात आमची खव्याची भट्टी आहे. म्हशीच्या साडेचार-पाच लिटर दुधाला किलोभर खवा पडतो. पहाटे चारला कढया चढतात आणि नऊच्या आत माल गावाबाहेर निघावा लागतो, कारण खवा कोणासाठी थांबत नाही. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच त्याला आंबूस वास धरतो. आमचा निम्मा माल तुळजापूरच्या पेढेवाल्यांकडे जातो. इतकी वर्षं आम्ही तो मोटारसायकलवर डबे बांधून, नाहीतर एसटीनं पाठवत होतो. 2025 च्या उन्हाळ्यात ठरवलं, आता स्वतःची गाडी घ्यायची.

नवी घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण हिंमत नव्हती. नवी ईको कार्गो, म्हणजे मारुतीची माल वाहायची बंद व्हॅन, रस्त्यावर यायला तेव्हा सहा लाखांच्या आसपास जात होती. चैत्र-वैशाखात दूध निम्म्यावर येतं, हप्ता मात्र तेवढाच राहतो. म्हणून जुनी बघायची ठरली. छोटा हत्ती स्वस्तात मिळत होता, पण त्याची पाठ उघडी, आणि खव्याला धूळ चालत नाही. ईको मागून बंद असते, बाजूचं दार सरकतं, सीएनजीवर परवडते. शिवाय मालासकट 3000 किलोच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही. पासिंग, विमा, टॅक्स आणि पीयूसी एवढं सांभाळलं की झालं.

बीडकडं एका माणसाची गाडी विकायला असल्याचं कळलं. त्याचा जारच्या पाण्याचा धंदा, दोन ईको होत्या, त्यातली एक काढायची होती. पांढरी, पिवळ्या पाटीची, 2020 चं मॉडेल. माझा भाऊ कळंबला फिटर आहे, त्याला घेऊन आम्ही गेलो. त्यानं गाडी किती बारकाईनं बघितली ते मुद्दाम सांगते. भल्या सकाळी गेलो आणि आधी सीट उचलून इंजिनला हात लावला, इंजिन थंड आहे ना, कुणी आधीच गरम करून ठेवलेलं नाही ना. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ते चारही टायरचे त्यानं वाचले. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शिवणीतली तारखेची चिठ्ठी बघितली, मॅट उचलून खाली गंज आहे का पाहिलं. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, ती झालेली नव्हती. त्यावरून त्यानं सात हजार कमी करून घेतले. सौदा 2,78,000 ला ठरला. गाडी चांगलीच होती, आजही मी तेच म्हणेन.

घोटाळा कागदात होता, आणि कागदांना आम्ही पाच मिनिटं दिली.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, फायनान्स कंपनीचं नाव होतं. त्या माणसानं ते लपवलं नाही, उलट स्वतःच बोट ठेवून दाखवलं. "ताई, कर्ज कधीच फिटलं. ही बघा एनओसी." एनओसी म्हणजे कर्ज फिटलं, आता आमची हरकत नाही, असं फायनान्सचं पत्र. त्याची झेरॉक्स होती, सोबत आरसीवरचं फायनान्सचं नाव काढायच्या फॉर्म 35 ची झेरॉक्स, दोन्हीवर शिक्का आणि सही. मूळ कागद एजंटाकडं एचपी, म्हणजे आरसीवरचा कर्जाचा बोजा, उतरवायला दिलेत, पंधरा दिवसांत आरसी कोरी होऊन येईल, मग लगेच तुमच्या नावावर करू, असं म्हणाला. वर घाईही केली, "एनओसी नव्वद दिवसच चालते, आता नाही केलं तर पुन्हा मला चकरा." बोलण्यात कुठं अडखळला नाही. घरात त्याच्या आईनं चहा दिला, माझ्या हातावर साखर ठेवली.

गाडी आमच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्यानं सह्या केल्या. पाचशेच्या बॉण्डवर नोटरी झाली. दोन लाख आम्ही बँकेतून त्याच्या खात्यावर टाकले, पन्नास हजार रोख दिले आणि अठ्ठावीस हजार नाव झाल्यावर द्यायचे ठरले. "बॉण्डवर दोनच लिहू," असं तो म्हणाला आणि आम्ही मान हलवली. त्या अडीच लाखांत एक लाख बचत गटाचं कर्ज होतं, आणि साठ हजार माझी बोरमाळ मोडून आलेले.

पंधरा दिवसांचा महिना झाला. आधी सर्व्हर बंद, मग साहेब रजेवर, आषाढीत एजंट वारीला गेलेला. धाकटे दीर रोज गाडी चालवत होते आणि माल वेळेवर पोचत होता. गाडी हातात असली की कागदाची निकड वाटत नाही. आमचंही तेच झालं.

सप्टेंबरच्या मध्याला, घटस्थापनेला आठवडा राहिला असताना, येरमाळ्याच्या पुढं येडशीच्या अलीकडं दीर चहाला थांबले. दोन मोटारसायकलींवर चार जण आले. त्यांनी मोबाईलवर नंबर टाकून बघितला आणि चावी मागितली. सात हप्ते थकलेत म्हणाले. दिरांनी मला फोन लावला तेव्हा त्यांच्या आवाजात रडू होतं. "वहिनी, हे लोक म्हणतात गाडी आपली नाहीच." आत पासष्ट किलो खवा होता. एवढी सवलत दिली की माल उतरवून घ्या. दिरांनी एकट्यानं सगळे क्रेट धुळे-सोलापूर रस्त्याच्या कडेला लिंबाखाली लावले, वर ओलं फडकं टाकलं आणि दोन तास छोट्या हत्तीची वाट बघत उभे राहिले. अर्धा माल पेढेवाल्यानं घेतला, अर्धा परत आला.

गाडी ओढायला येणाऱ्याकडं कंपनीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असायला हवं, ते मागायचा तुम्हाला हक्क आहे, गाडीतल्या सामानाची यादी सही करून घ्यायची असते, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी कुणी काही दाखवलं नाही आणि कुणी मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फायनान्सच्या शाखेत गेलो. तिथल्या मुलीनं शांतपणे आमची झेरॉक्स आणि आरसी शेजारी शेजारी ठेवली आणि पेन्सिलीनं एकेक आकडा दाखवत गेली. एनओसीवर गाडी नंबर आमचा होता, पण ते आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा जाड आणि ओळीच्या किंचित वर बसलेले. चेसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा स्वतःचा नंबर, सतरा अक्षरांचा असतो. त्यातली पहिली बारा जुळत होती, शेवटची पाच वेगळी होती. एनओसी खरीच होती, फक्त त्याच्या दुसऱ्या ईकोची. गाडी नंबरावर चिठ्ठी चिकटवून झेरॉक्स काढली आणि चेसी नंबर बदलायचा राहून गेला. तो कागद साडेतीन महिने आमच्या कपाटात, देवीच्या फोटोमागं जपून ठेवलेला होता. एकदा जरी आरसीशी ताडून बघितला असता तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं.

तिनं विम्याचा कागदही दाखवला. विकणाऱ्यानं सांगितलं होतं कर्ज 2023 लाच फिटलं. विमा मात्र मार्च 2025 ला नव्यानं काढलेला, आणि त्यावर फायनान्सचं नाव तसंच. कर्ज फिटून दोन वर्षं झालेला माणूस ते नाव का ठेवील, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता.

कंपनीच्या लेखी आम्ही कुणीच नाही. गाडी त्याची, कर्ज त्याचं, नोटीसही त्यालाच. फायनान्सची लेखी संमती असल्याशिवाय आरटीओ नाव बदलत नाही, म्हणून 29 आणि 30 वरच्या त्या सह्यांचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता. 1,87,000 आणि वरचा दंड भरा आणि सोडवा, एवढंच ते म्हणाले. कुठून भरणार?

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा "हा तुमचा आपसातला व्यवहार" म्हणून परत पाठवलं. मग लेखी अर्ज एसपी ऑफिसला दिला, पोच घेतली, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या 318(4) खाली फसवणुकीचा गुन्हा नोंद झाला. बँकेतून गेलेल्या दोन लाखांचा पुरावा आहे, त्यातले चाळीस हजार त्यानं नातेवाइकांमार्फत आणून दिले. रोख पन्नास हजारांचं नावही कुठं नाही, तो साफ नाही म्हणतो. केस चालू आहे. बचत गटाचा हप्ता मी दर महिन्याला भरते.

त्याच दिवसांत, 22 सप्टेंबरपासून, मालगाड्यांवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, म्हणजे नवी गाडीच स्वस्त झाली. आमच्याकडं तेव्हा पावसानं हाहाकार मांडलेला, ओढ्याच्या पलीकडल्या वस्तीचं दूधच येईना. ऐन नवरात्रात भट्टी दोन दिवस बंद राहिली.

गाडी घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आरसीवर फायनान्सचं नाव असेल तर विकणाऱ्याला घेऊन थेट त्या शाखेत जा, आणि समोर बसून त्या कर्जखात्याचा उतारा काढून घ्या. बाकी असेल तर तुमचा पैसा त्याच्या हातात नको, सरळ त्या कर्जखात्यात भरा आणि पावती तुमच्याकडं ठेवा. वाहन पोर्टलवर थोडी फी भरून गाडीचे तपशील मिळतात, ते काढा. एनओसी मूळच बघा, झेरॉक्स नको. आणि गाडीवर कोरलेला चेसी नंबर, आरसीवरचा आणि एनओसीवरचा, तिन्ही बोट ठेवून सतराच्या सतरा अक्षरं मोठ्यानं वाचा. रोख दिलीत तर तेवढी रक्कम बॉण्डवर आलीच पाहिजे. नाव होईपर्यंत इसारापलीकडं काही देऊ नका, समोरच्याच्या घरी कितीही चांगला चहा मिळाला तरी.

मागच्या आठवड्यात बार्शीला एक ईको बघितली. भावानं इंजिन बघायच्या आधी मी आरसी मागितली. फायनान्सचं नाव होतं. "चला, शाखेत जाऊन येऊ," म्हटलं. तो म्हणाला, आज जमत नाही, सोमवारी बघू. आम्ही इंजिन न बघताच परत आलो. सोमवारी मी फोन केला, त्यानं उचलला नाही.