ग्रॅनाइटच्या माथ्यावरची खनिजे: एका नमुनासंचाचे परीक्षण

ऑनलाइन मागवलेल्या या संचात कॅसिटेराइट, वुल्फ्रमाइट, शीलाइट आणि ग्रायझन असे चार नमुने आहेत. सर्वांत बोलका तुकडा ग्रायझनचा, म्हणजे बदललेल्या ग्रॅनाइट खडकाचा. निवत चाललेल्या ग्रॅनाइटच्या माथ्याशी साठलेल्या, फ्लोरिनयुक्त उष्ण द्रावांनी त्यातील फेल्डस्पार हे खनिज बदलून टाकले आणि त्याजागी क्वार्ट्झ व पांढरे अभ्रक आले, हे साध्या भिंगातूनही ओळखता येते. कॅसिटेराइट हे कथिलाचे धातुक आणि वुल्फ्रमाइट टंगस्टनचे. दोन्ही काळपट आणि सुमारे ७ विशिष्ट गुरुत्वामुळे हाताला अनपेक्षित जड लागत असल्याने नवखा वाचक गोंधळतो, परंतु सोबतच्या बिनचकाकीच्या पोर्सेलिन फरशीवर घासल्यास पहिल्याचा कस (भुकटीचा रंग) जवळजवळ पांढरा, तर दुसऱ्याचा तपकिरी-काळा उमटतो.

निराशा झाली ती संचासोबतच्या अतिनील विजेरीने. शीलाइट हे टंगस्टनचेच दुसरे धातुक लघुलहरी अतिनील प्रकाशात निळसर पांढरे चमकते. विक्रेत्याने मात्र दीर्घलहरी विजेरी दिली आहे. (मी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ दगडालाच दोष देत बसलो.) वुल्फ्रमाइटच्या चिठ्ठीवर नुसते ‘राजस्थान’ लिहिले आहे; तो तिथल्या देगाणा या टंगस्टनसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावचा असेल, तर तसे स्पष्ट नोंदवायला हवे होते, कारण स्थळाविना नमुन्याचे अभ्यासमूल्य निम्मे होते. विजेरी वेगळी घेण्याची तयारी असल्यास संच घ्यावा.